घरातली चांदी आणि आजोबांचा बिल्ला

खेडेगावातले घर केवढेही लहान असो, त्यात कुठे तरी थोडे सोने-चांदी असतेच. कुणाच्या देव्हाऱ्यात लक्ष्मीपूजनाचा रुपया असतो. कुणाच्या उतरंडीत, तळच्या गाडग्यात, फडक्यात बांधलेले राणीछाप असतात. कुणा म्हातारीच्या गळ्यात चार पुतळ्या असतात. आणि ज्या घरचा माणूस पलटणीत होता, त्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत एखादा बिल्ला असतो.

पीक बुडाले, लग्न निघाले, दवाखान्याचा खर्च आला, की हे गाठोडे सुटते. ते घाईत सुटते. मग समोरचा सांगेल ते वजन आणि तो सांगेल तो कस. म्हणून अडचण येण्यापूर्वीच, एखाद्या सवडीच्या दिवशी, हे गाठोडे सोडून वाचून घ्यावे. वाचून घ्यावे असे मी मुद्दाम म्हणतो. नाण्यावर अक्षरे असतात, आकडे असतात, बिल्ल्याच्या कडेवरही असतात. ज्याला वाचता येते त्याला फसवणे जरा कठीण जाते.

आधी रुपया हातात घेऊ.

पूर्वी आपल्या मुलखात नाना तऱ्हेचे रुपये चालत. चांदवडी होता, अंकुशी होता, संस्थानांचे वेगळे होते. प्रत्येकाची चांदी कमीजास्त. सराफ दर रुपयामागे बट्टा कापून घेई. इंग्रज कंपनीने १८३५ साली आपल्या सगळ्या मुलखासाठी एकाच वजनाचा आणि एकाच कसाचा रुपया पाडला. तो यंत्रावर पाडलेला. यंत्राला ‘कल’ म्हणतात, म्हणून तो ‘कलदार’. त्याचे वजन बरोबर एक तोळा ठेवलेले होते. त्यामुळे दुकानदार तागडीत वजन म्हणून रुपयाच टाकीत. ‘रुपयाभार हिंग द्या’ हे बोलणे त्यातूनच आले.

आता हिशेब बघा. हा जुना तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. कलदार रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग दुसरी धातू असते. म्हणजे एका रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. शंभर रुपयांचे वजन १,१६६ ग्रॅम, आणि त्यात शुद्ध चांदी १,०६९ ग्रॅम.

इथेच एक चलाखी होते. आज बाजारात ‘तोळा’ म्हटले की दहा ग्रॅम धरतात. जुने लोक म्हणतात, ‘एक रुपया म्हणजे एक तोळा.’ तेही खरे. मग व्यापारी म्हणतो, ‘बरोबर आहे आजी, शंभर रुपये म्हणजे शंभर तोळे.’ आणि हिशेब करतो एक हजार ग्रॅमचा. आजीचे बोलणे जुन्या तोळ्याचे, त्याचा हिशेब नव्या तोळ्याचा. मधल्या मधे १६६ ग्रॅम चांदी गडप! वर कसाची घट कापतो ती निराळीच. म्हणून चांदी विकताना तोळ्याची भाषाच बोलू नये. काटा ग्रॅमचा असावा, त्यावरचा आकडा आपण स्वतः वाचावा आणि कागदावर लिहून घ्यावा.

सगळे जुने रुपये सारखे नव्हेत. राणी व्हिक्टोरियाचा, तिच्या मुलाचा म्हणजे सातव्या एडवर्डचा आणि पाचव्या जॉर्जचा रुपया वर सांगितलेल्या कसाचा. सहाव्या जॉर्जचे १९३९ पर्यंतचे रुपयेही तसेच. पण दुसरे महायुद्ध सुरू झाले, चांदी टंचाईची झाली. १९४० पासून सरकारने वजन तेच ठेवले, पण चांदी निम्मी केली. १९४४ सालचा रुपया हातात तेवढाच जड लागतो, पण चांदी असते ५.८३ ग्रॅम. आणि १९४७ च्या रुपयात तर चांदी औषधालाही नाही. त्याच्यावर वाघ आहे. तो निकेलचा आहे. त्याला लोहचुंबक लावा, चटकन चिकटतो. चांदीचा रुपया चुंबकाला चिकटत नाही. मात्र चिकटला नाही म्हणजे चांदीचाच, असे समजू नका. पितळ आणि कथीलही चिकटत नाही.

मराठवाड्यातल्या घरांतून निजामाचा हाली रुपया निघतो. त्यावर चारमिनार असतो. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा त्या वेळचा दर होता. त्याची चांदी कलदारापेक्षा कमी. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला आपल्या सरकारने दहा रुपयांचे नाणे काढले. ते १५ ग्रॅमचे आणि त्यात शेकडा ८० भाग चांदी. ‘सरकारी नाणे, दहाच रुपये किंमत’ म्हणून ते कुणाला देऊन टाकू नका.

एक गमतीची गोष्ट सांगतो. १९११ साली पाचव्या जॉर्जचा पहिला रुपया निघाला. बादशहाच्या अंगावरच्या माळेत एक बारीक हत्ती काढलेला होता. सोंड आखूड, पाय आखूड. लोक म्हणू लागले, हे तर डुक्कर आहे! हिंदूही नाराज, मुसलमानही नाराज. शेवटी सरकारला पुष्कळसे रुपये वितळवावे लागले आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. म्हणून १९११ सालचा रुपया आज कमी सापडतो, आणि नाणी जमवणारे शौकीन लोक त्याला चांदीच्या भावाहून जास्त देतात. जुने नाणे चिंच, राख किंवा रांगोळी लावून घासू नये, ते याचसाठी. शौकिनाला त्याचा काळेपणाच हवा असतो. घासलेले नाणे त्याच्या लेखी वितळवायच्या चांदीइतकेच.

आता सोने. आपल्या गळ्यातली ‘पुतळी’ मूळची कुठली, ठाऊक आहे का? युरोपात इटली देशात व्हेनिस नावाचे व्यापारी शहर आहे. तेथील सोन्याचे नाणे शेकडो वर्षे आपल्या बंदरांत येत असे. त्यावर दोन माणसांची चित्रे असत. आपल्या लोकांना त्या पुतळ्या वाटल्या. सोने अगदी चोख, म्हणून बायकांनी नाणी ओवून माळा केल्या. पुढे सोनारांनी तसे ठसे केले. आज जी पुतळी मिळते ती बहुधा ठशात उठवलेली पातळ चकती असते. तिचा कस पारखून घ्यावा.

शिवाजीमहाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन पाडला. त्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे आहेत. खरे होन फार थोडे उरले आहेत. बाजारात दाखवतात ते बहुतेक नकली. कुणी जत्रेत पिशवीतून होन काढून दाखवला तर नमस्कार करून पुढे जावे.

गिनी मात्र पुष्कळ घरांत आहे. हिचे वजन आठ ग्रॅमला किंचित कमी, ७.९९ ग्रॅम. सोने २२ कॅरट. शुद्ध सोने ७.३२ ग्रॅम. एका बाजूस राजाचे डोके, दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसून अजगरासारख्या राक्षसाला मारणारा वीर. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, ही गिनी आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडली गेली. घोड्याच्या पायाखाली, सालाच्या वर, इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर दिसले तर ती मुंबईची. घरातल्या शाळकरी मुलाला दाखवा, तो ओळखील.

कित्येक म्हातारी माणसे अजून सोने दाखवायला भितात. त्याला कारण आहे. १९६३ साली सरकारने सुवर्णनियंत्रण आणले, १९६८ साली त्याचा कायदा केला. सोन्याची लगड घरात ठेवायला बंदी होती. तो कायदा १९९० साली रद्द झाला. आता घरात सोने असणे हा गुन्हा नाही. पावती मात्र जपून ठेवावी.

नवे सोने घेताना दागिन्यावर हॉलमार्क पाहावा. त्यात एक त्रिकोणी खूण असते, कसाचा आकडा असतो आणि सहा अक्षर-आकड्यांची ओळख असते. ९१६ हा आकडा म्हणजे २२ कॅरट. २०२१ पासून ही खूण टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आहे. सराफाकडे बहिर्गोल भिंग असते. ते मागून घ्यावे आणि स्वतः वाचावे. ‘आमच्यावर भरवसा नाही का?’ असे त्याने म्हटले तर हसावे आणि तरीही वाचावे. बँकेतूनही सोन्याची नाणी विकतात. पण बँक विकलेले नाणे परत विकत घेत नाही, हे आधीच ध्यानात ठेवावे.

फसवणारे लोक तर रोज नव्या युक्त्या काढतात. दोन-तीनच सांगतो. एक मनुष्य येतो, म्हणतो, पाया खणताना हंडा सापडला. दाखवायला एक खरे नाणे देतो. तुम्ही सराफाकडे तपासता, ते खरेच निघते. मग पिशवीभर नाणी स्वस्तात देतो, ती सगळी पितळी. दुसरा दारोदार ‘दागिने चकचकीत करून देतो’ म्हणत येतो. त्याच्या भांड्यातले पाणी हे पाणी नसते, तेजाब असते. दागिना उजळतो खरा, पण सोने झिजून त्या भांड्यात राहते. तिसरा आता मोबाइलवर येतो. ‘तुमच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतील, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरा.’ काही जण तर रिझर्व्ह बँकेचे नाव सांगतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर केले आहे, की ती असला व्यवहार करीत नाही आणि असले पैसे मागत नाही.

आणि खरोखरच जमिनीत धन सापडले तर? त्यासाठी १८७८ सालचा कायदा आहे आणि तो आजही चालू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, की कलेक्टरला लेखी कळवावे लागते. लपवले तर सापडणाऱ्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. कळवले, आणि धन्याचा पत्ता लागला नाही, तर कायद्याने सापडणाऱ्याला वाटा मिळतो. पोलिसांच्या भीतीने रातोरात सोने आटवणारे लोक वाटाही घालवतात आणि वर गुन्हेगारही ठरतात.

आता बिल्ल्याकडे येतो. मला या पाठात खरे बोलायचे आहे ते याविषयीच.

काही वर्षांपूर्वी एक आजीबाई माझ्याकडे आल्या. घराचे छप्पर उडाले होते. पत्रे घ्यायचे होते. पदराखालून त्यांनी एक पुरचुंडी काढली. तीत काही राणीछाप रुपये आणि चार बिल्ले होते.

“मास्तर, मोडवाला म्हनतो ह्यो एक तेवढा चांदीचा हाय. रुपयांबरूबर घालतो म्हनला वजनात. बाकीचं पोरांला खेळाया द्या म्हनला.”

मोडवाला धातूपुरते खरे बोलत होता. चार बिल्ल्यांपैकी तीन दुसऱ्या महायुद्धातले, आजींच्या सासऱ्यांचे. त्यांतला एक सहा टोकांचा तारा, पिवळ्या धातूचा. एकावर हिंदुस्थानचा नकाशा. हे गोल बिल्ले चांदीसारखे पांढरे दिसतात, पण ते तांबे आणि निकेल यांचे असतात. चौथा बिल्ला मात्र चांदीचा होता. तो पहिल्या महायुद्धाचा, आजेसासऱ्यांचा. त्याच्या एका बाजूस पाचव्या जॉर्ज बादशहाचे डोके. दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला उघडाबंब पुरुष, आणि १९१४ व १९१८ ही साले. वजन सुमारे अडीच तोळे. हा बिल्ला लढाईवर गेलेल्या शिपायांना चांदीचा दिला. हमाल आणि मजूर म्हणून जे गेले, त्यांना तोच बिल्ला काशाचा दिला. मरण दोघांनाही सारखेच येई, पण बिल्ला वेगळा.

मी आजींच्या नातवाला म्हटले, “बाळ, बिल्ल्याचा चेहरा नको पाहूस, कड पाहा.”

कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे कोरलेली होती. आधी नंबर, मग ‘शिपाई’, मग नाव, मग ‘११० मराठा’. नातवाने ते नाव मोठ्याने वाचले. आजी गप्प झाल्या. सासरच्या वडील माणसाचे नाव घ्यायचे नाही, म्हणून त्यांनी ते उभ्या जन्मात उच्चारले नव्हते. घरात फक्त ‘बसऱ्याचे आजोबा’ म्हणत. बसऱ्याला गेले आणि आले नाहीत, एवढेच सर्वांना माहीत.

११० मराठा ही पलटण बसऱ्यापासून वर, तैग्रीस नदीच्या काठाने, आजच्या इराक देशात लढत गेली होती. तेथे कुत नावाचे गाव आहे. १९१५ च्या डिसेंबरात तुर्कांनी त्या गावाला वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपले. घोडे मारून खाण्याची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. कैद झालेल्यांपैकी पुष्कळ शिपाई वाळवंटातून चालताना आणि कैदेत मेले. आजींचे आजेसासरे कुतमध्येच होते की नाही, हे बिल्ला सांगत नाही. बिल्ला नंबर सांगतो, नाव सांगतो आणि पलटण सांगतो. पण तेवढे धागे हाती असले म्हणजे पुढे शोधता येते. त्या पलटणी पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत आल्या. तिचे केंद्र बेळगावला आहे. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते. दोन्ही महायुद्धांतल्या मृत शिपायांच्या नावांच्या याद्या ठेवणारे एक मंडळही आहे. पुण्याजवळ खडकीला जे युद्धस्मारक आहे, ते त्याच्याच देखरेखीखाली आहे. नंबर आणि पलटण लिहून विचारले, तर उत्तर मिळण्याची आशा असते. नुसते ‘आमचे आजोबा बसऱ्याला गेले होते’ म्हटले, तर कारकून तरी काय शोधणार?

आजींनी रुपये विकले. ग्रॅमच्या काट्यावर, वजन लिहून घेऊन विकले. पत्रे आले. चारही बिल्ले घरी राहिले.

बिल्ला विकणे हा काही गुन्हा नाही. अडचण कुणाला चुकली आहे? पण वितळवण्यासाठी देऊ नये एवढेच माझे म्हणणे. १९८० साली चांदीचे भाव एकदम चढले, तेव्हा खुद्द इंग्लंडात लोकांनी हे चांदीचे बिल्ले ढिगाने आटवले. मूठभर चांदी मिळाली आणि माणसांची नावे गेली. विकायचेच झाले तर बिल्ले जमवणाऱ्याला विकावेत. तो चांदीच्या भावाहून अधिक देतो, आणि कडेवरचे नाव जपतो. एका माणसाचे सगळे बिल्ले एकत्र असले तर त्यांचे मोल वाढते. म्हणून तीन भावांनी तीन बिल्ले वाटून घेणे हा वेडेपणा. शेत वाटता येते, आजोबा वाटता येत नाहीत.

धातूवरून मोल ठरवायचे नाही, याची आणखी एक खूण सांगतो. इंग्रजांचे सर्वांत मोठे शौर्यपदक व्हिक्टोरिया क्रॉस. त्यात सोनेही नाही, चांदीही नाही. ते काशाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये कोकणातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १९४४ साली एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि तेथेच पडले. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी १९४५ साली गोळ्यांच्या माऱ्यातून आपले जखमी सोबती उचलून आणले. ते जिवंत परतले. दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही ते काशाचे पदक मिळाले. आपल्या देशाचे परमवीर चक्रही काशाचेच. त्याच्या खालच्या पायरीचे महावीर चक्र चांदीचे! परमवीर चक्राचा नमुना सावित्रीबाई खानोलकर यांनी काढला. त्या जन्माने स्वित्झर्लंडच्या, मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इकडच्या झाल्या. चक्रावर त्यांनी इंद्राचे वज्र घातले. पहिले परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले. ते सावित्रीबाईंच्याच मुलीचे दीर होते.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. तेथे दगडावर आकडा कोरलेला आहे. आपल्या गावाला दगड नसेल, तर ट्रंकेतला बिल्ला हाच आपला दगड.

बिल्ला सांभाळायला खर्च येत नाही. तो घासू नये, घासून घासून कडेवरचे नाव जाते. कोरड्या सुती फडक्यात वेगवेगळा गुंडाळावा. जुनी रंगीत फीत विटली असली तरी काढून टाकू नये. ओल नको, डांबराच्या गोळ्या नकोत. आणि सोबत एक चिठ्ठी ठेवावी. ती तुम्हीच लिहा, आता तुम्हांला लिहिता येते. शाईने, मोठ्या अक्षरांत लिहा. अशी:

‘हा बिल्ला आमच्या आजोबांच्या वडिलांचा. नाव अमुक. नंबर अमुक, पलटण अमुक, हे कडेवर आहे. ते बसऱ्याला गेले. परत आले नाहीत. आजीने सांगितले ते मी लिहिले. लिहिणार अमुक, गाव अमुक, तारीख अमुक.’

आजी हयात असेपर्यंत तिला विचारून ही चिठ्ठी लिहावी. नंबर चुकू नये म्हणून मुलाकडून दोनदा वाचून घ्यावा.